एसीसी बास्केटबॉलचा मोसम कसा बघायचा: एक वही, तीन रेघा आणि मूठभर शेंगदाणे

फेब्रुवारी सरत आला की इथे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॉलीजवळच्या केरी, मॉरिसव्हिल, एपेक्सकडच्या नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला फोन येतात. "ताई, ऑफिसात सगळे एसीसी टूर्नामेंट, एसीसी टूर्नामेंट करतायत. आता बघायला बसलो तर कळेल का?" कळेल, पण निम्मंच. ही विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांची स्पर्धा मार्चमध्ये पाच दिवस चालते आणि त्या पाच दिवसांचा हिशेब जानेवारीपासून मांडला जात असतो. तो हिशेब ठाऊक नसेल तर समोर नुसते उंच पोरगे पळताना दिसतात. म्हणून या वेळी मोसमाच्या आधीच सगळं लिहून ठेवतेय.

मी २००३ साली सांगलीहून रॉलीला एन. सी. स्टेटमध्ये (नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी) एम.एस. करायला आले आणि इथलीच झाले. त्यामुळे माझा संघ लाल, हे आधीच सांगते. पण पद्धत कुठल्याही संघाला लागू पडेल.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असतात. इथे तसे विभाग वरून कोणी पाडून देत नाही. विद्यापीठं आपापसात ठरवून गट करतात, आपलं वेळापत्रक आखतात, टीव्हीचे करार एकत्र करतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या भागातली कॉन्फरन्स म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, एसीसी. ती ८ मे १९५३ रोजी इथून सव्वा तासावरच्या ग्रीन्सबरोला सात विद्यापीठांनी मिळून काढली. त्यातली चार याच राज्यातली: ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, एन. सी. स्टेट आणि वेक फॉरेस्ट. मग दर काही वर्षांनी नवे सभासद येत गेले, काही गेले, आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया (बर्कली) आणि डॅलसचं एसएमयू आल्यावर संख्या १८ झाली. नावात अटलांटिक असलं तरी दोन संघ आता पॅसिफिकच्या काठावरचे आहेत. याचा खेळावर परिणाम होतो, तो पुढे सांगते.

मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो. नाताळपर्यंत बहुतेक सामने कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी असतात. ते जमले तर बघा, नाहीतर राहू द्या. पण पहिल्यांदा प्रत्यक्ष स्टेडियममध्ये जायचं असेल तर हेच दिवस चांगले. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी छोट्या विद्यापीठाशी सामना असतो, तिकिटं स्वस्त असतात, मुलांना पुढे बसता येतं आणि कोण कुठे उभं राहतं, पंच हात कसे करतात, हे निवांत बघून होतं. रॉलीत एन. सी. स्टेटचे सामने लेनोवो सेंटरमध्ये होतात, तिथे जागा भरपूर. जाण्याआधी पारदर्शक पिशवीचा नियम बघून घ्या, मोठी पर्स आत नेऊ देत नाहीत.

संघ धरा, आणि एकच धरा

कोणता? जवळचा. जिंकणारा शोधत बसू नका. डर्हममधलं ड्यूक आणि चॅपेल हिलमधलं नॉर्थ कॅरोलायना यांच्यात गाडीने साधारण दहा मैलांचं अंतर आहे आणि रॉलीचं एन. सी. स्टेट तिथून अर्ध्या तासावर. एवढ्याशा टापूत तीन संघ आहेत आणि तिघांनीही राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीत. इथे माणसं एकमेकांना नाव विचारतात आणि पाठोपाठ रंग विचारतात. फिका आकाशी म्हणजे नॉर्थ कॅरोलायना (इथे नुसतं 'कॅरोलायना' म्हणतात), गडद निळा ड्यूकचा, लाल स्टेटचा. मुलगा ड्यूकच्या हॉस्पिटलात आणि सून चॅपेल हिलला शिकलेली, असं एक घर आमच्या गल्लीत आहे. त्यांच्याकडे सामन्याच्या दिवशी दोन खोल्यांत दोन टीव्ही लागतात.

नोकरीनिमित्त तुम्ही पिट्सबर्ग, सिरॅक्यूज, अटलांटा, बॉस्टन किंवा बे एरियात असाल तर तिथलाही एसीसी संघ आहेच. तो धरा.

खेळाडूंच्या नावांवर मात्र फार जीव टाकू नका. पूर्वी मुलं चार वर्षं एकाच विद्यापीठात खेळायची. आता चांगला खेळाडू वर्षभरात एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जातो, बाकीचे ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दुसरीकडे जातात, आणि २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. दरवर्षी ऑक्टोबरात मी संघाची यादी नव्याने पाठ करते. रंग, मैदान आणि वैरं तेवढी तीच राहतात.

वही

आता मुख्य काम. फुलस्केप वही घ्या, जोडपान उघडा, डाव्या बाजूला अठरा ओळी आखा. प्रत्येक ओळीत एक संघ. रकाने चारच: विजय, पराभव, घरचे किती उरले, बाहेरचे किती उरले. फोनवर गुणतक्ता आयता मिळतो हे मला माहीत आहे. तरी हाताने लिहा. हाताने लिहिताना कोण कोणाच्या मागे एका सामन्याने आहे हे बोटांत बसतं, आणि फेब्रुवारीत कोणीतरी हरल्याची बातमी आली की त्याचा फायदा कोणाला झाला हे विचार न करता कळतं.

मग तक्त्यात तीन रेघा मारा. पहिली चौथ्या संघाखाली, दुसरी नवव्याखाली, तिसरी पंधराव्याखाली. साखळी सामने संपल्यावर कोण कुठल्या रेघेच्या वर आहे यावर मार्चमधलं सगळं ठरतं, कारण सध्याच्या मांडणीत अठरापैकी पंधराच संघ टूर्नामेंटला जातात आणि तेही वेगवेगळ्या दिवशी सुरुवात करतात.

दहा ते पंधरा क्रमांकाचे संघ मंगळवारी खेळतात. पाच ते नऊ क्रमांकाच्यांना एक फेरी पुढे चाल मिळते, ते बुधवारी उतरतात. पहिल्या चौघांना दोन फेऱ्यांची पुढे चाल, ते थेट गुरुवारी उपांत्यपूर्व फेरीत. शुक्रवारी उपांत्य सामने, शनिवारी अंतिम. म्हणजे पहिल्या रेघेवरच्या संघाला विजेतेपदासाठी तीन दिवसांत तीन सामने जिंकायचे, दुसऱ्या पट्ट्यातल्याला चार दिवसांत चार, तिसऱ्यातल्याला पाच दिवसांत पाच. शेवटचे तीन घरी बसतात. रोज चाळीस मिनिटं धावपळ, मध्ये विश्रांतीचा दिवस नाही. चौथ्या दिवशी त्या मुलांचे फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलबद्दल रेषेवरून मिळणारे मोकळे फेक) रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडायला लागतात. पाय थकले की चेंडू आखूड पडतो, बघा एकदा लक्ष देऊन.

म्हणून मी जानेवारीतला प्रत्येक विजय मार्चमधल्या दिवसांत मोजते. वहीच्या उजव्या पानावर दर रविवारी प्रत्येक संघापुढे एक शब्द लिहिते: 'गुरु', 'बुध', 'मंगळ' किंवा 'घरी'. आज मोसम संपला तर कोण कधी सुरू करेल, एवढंच. आठ-नऊ रविवार हे केलंत की तुम्ही ऑफिसातल्या कोणाच्याही बरोबरीने बोलाल.

लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, वेळापत्रक सगळ्यांना सारखं नसतं. २०२५-२६ पासून प्रत्येक संघाचे कॉन्फरन्समध्ये १८ सामने असतात, त्याआधी काही वर्षं २० होते. प्रतिस्पर्धी सतरा. त्यांपैकी दोघांशी घरी आणि बाहेर असे दोन-दोन सामने, चौदा जणांशी एकेक, आणि उरलेल्या एकाशी गाठच नाही. ड्यूक आणि कॅरोलायना दरवर्षी दोनदा भेटतात, तसेच व्हर्जिनिया आणि व्हर्जिनिया टेक, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया. म्हणून तुमच्या संघाला बलाढ्य संघ दोनदा आलाय की दुबळा, हे मोसमाच्या आधीच बघा आणि त्यांच्यासमोर चांदणी काढा.

दुसरी गोष्ट प्रवासाची. पूर्वेकडचा संघ कॅलिफोर्नियाला गेला की एकाच फेरीत स्टॅनफर्ड आणि बर्कली दोन्ही उरकून येतो. तीन तासांचा वेळेतला फरक, आठवडाभर बाहेरचं जेवण, हॉटेलातला अभ्यास. परत आल्यावरचा पहिला सामना मी वहीत लाल पेनने गोल करून ठेवते.

बरोबरी झाली तर आधी आपसातला निकाल बघतात. दोनापेक्षा जास्त संघ बरोबरीत असतील तर त्यांचाच एक छोटा तक्ता करतात. तोही सारखा असेल तर तक्त्यात वरच्या संघापासून खाली एकेकाविरुद्ध कोणाची कामगिरी चांगली हे बघत जातात. शेवटच्या आठवड्यात चौथ्या आणि पाचव्या जागेसाठी हेच चालतं, आणि त्यावर एक अख्खा दिवस अवलंबून असतो.

घरच्या मैदानाचं वजनही समजून घ्या. ड्यूकचं कॅमरन इनडोअर स्टेडियम १९४० सालचं, जेमतेम ९,३१४ लोकांचं. विद्यार्थी अगदी कोर्टाच्या कडेला उभे असतात, बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात लागतील इतके जवळ. कॅरोलायनाशी सामना असला की विद्यार्थी आठवडेच्या आठवडे बाहेर हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला तिथल्या जुन्या कोचच्या नावावरून 'शशेव्स्कीव्हिल' म्हणतात. माईक शशेव्स्की १९८० ते २०२२ इतकी वर्षं तिथे कोच होते. त्यांचं नाव इंग्रजीत वाचून उच्चारायला जाऊ नका, 'शशेव्स्की' एवढंच म्हणा. ५ मार्च २०२२ ला कॅमरनवर त्यांचा घरचा शेवटचा सामना होता आणि कॅरोलायनाने तो ९४-८१ असा जिंकला. त्यानंतर महिन्याभरातच न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय उपांत्य सामन्यात पुन्हा कॅरोलायनानेच ८१-७७ ने त्यांची कारकीर्द संपवली. आमच्या ऑफिसात अजूनही या दोन सामन्यांवरून जेवणाची टेबलं वेगळी होतात.

शेंगदाणे

२०१६ च्या हिवाळ्यात आबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सांगलीत आयुष्यभर कबड्डी बघितलेला माणूस. बाहेर थंडी, टीव्हीवर एसीसी. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की चेंडू हातात आला की तीस सेकंदांत रिंगला लागेल असा फेकावा लागतो, नाहीतर चेंडू समोरच्याला. आबा म्हणाले, "मग ही चढाईच झाली की." तीस सेकंदांची चढाई, तीस सेकंदांचा शॉट क्लॉक. तिथून पुढे त्यांना फार सांगावं लागलं नाही.

हे घड्याळ पूर्वी नव्हतं. १९६८ च्या एसीसी टूर्नामेंटच्या उपांत्य सामन्यात एन. सी. स्टेटने ड्यूकला १२-१० असं हरवलं होतं. अख्ख्या सामन्यात दोघांचे मिळून बावीस गुण! ज्याला चेंडू मिळेल त्याने तो हातात धरून उभं राहायचं. कॉलेजच्या खेळात सगळीकडे शॉट क्लॉक आला तो १९८५-८६ पासून, आधी ४५ सेकंदांचा, मग ३५, आणि २०१५-१६ पासून ३०.

पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरलेली असताना खेळ पहिल्यांदा थांबला की टीव्हीसाठी विश्रांती होते. चहा ठेवायचा तो तेव्हा. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ. तीन गुणांची रेघ (तिच्याबाहेरून फेकून चेंडू आत गेला तर दोनाऐवजी तीन गुण) ६.७५ मीटरवर, आपल्याकडे हल्ली मैदानांवर आखतात तीच.

नव्या माणसाचा गोंधळ होतो तो सांघिक फाउलपाशी, आणि त्यावर तोडगा आबांनी काढला. समोरच्या संघाने हाफमध्ये केलेल्या प्रत्येक फाउलला ते ताटलीत एक शेंगदाणा ठेवायचे. सहापर्यंत साध्या फाउलला काही नाही, नुसता चेंडू मिळतो (फेकताना फाउल झाला तर गोष्ट वेगळी). सातवा शेंगदाणा पडला की 'वन अँड वन' सुरू: एक फ्री थ्रो मिळतो, तो गेला तरच दुसरा. पहिला चुकला तर चेंडू उडतो आणि ज्याच्या हाती लागेल त्याचा. दहावा शेंगदाणा पडला की सरळ दोन फ्री थ्रो. सात, आठ, नऊ या तीन शेंगदाण्यांत सगळी धाकधूक असते. आबा सातव्याला हात वर करायचे आणि खोली शांत व्हायची. टीव्हीच्या कोपऱ्यात ही संख्या दिसते, पण पोरांना शेंगदाणेच आवडायचे. हाफ झाला की ताटली खाऊन रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

टूर्नामेंटला एवढं महत्त्व का

साखळीत पहिला आलेला संघ एसीसीचा अधिकृत विजेता नसतो. टूर्नामेंट जिंकतो तोच विजेता. हा नियम १९६१ पासून लेखी आहे. अनेकांना तो अन्यायाचा वाटतो. दोन महिने राबलेल्या संघाने एका वाईट रात्रीत सगळं घालवायचं का? मला विचाराल तर तो नियमच या प्रदेशाचा जीव आहे, आणि तो का हे १९७४ कडे बघून कळतं.

तेव्हा एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेला जायचा, तो टूर्नामेंटचा विजेता. ९ मार्च १९७४, ग्रीन्सबरो कोलिझियम. एन. सी. स्टेट विरुद्ध मेरिलँड. दोन्ही संघ देशातल्या अगदी वरच्या क्रमांकांतले. स्टेटकडे डेव्हिड थॉम्पसन, सव्वासात फुटांच्या आसपासचा टॉम बर्लसन आणि पाच फूट सात इंचांचा माँटी टो. तीन गुणांची रेघ नव्हती, शॉट क्लॉक नव्हता, तरी सामना जादा वेळेत गेला आणि १०३-१०० असा संपला. बर्लसनने ३८ गुण केले. स्टेट पुढे गेलं, त्याच ग्रीन्सबरोत राष्ट्रीय उपांत्य सामन्यात सलग सात वर्षं विजेत्या ठरलेल्या यूसीएलएला दोन जादा वेळांनंतर ८०-७७ असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतं झालं. मेरिलँडचा मोसम मात्र ९ मार्चलाच संपला. पुढच्या वर्षीपासून राष्ट्रीय स्पर्धेत ३२ संघ झाले आणि एका कॉन्फरन्समधून एकापेक्षा जास्त संघांना जागा मिळू लागली. माझ्या पहिल्या नोकरीतले एक ज्येष्ठ सहकारी त्या रात्री तिथे होते. ते या सामन्याबद्दल बोलायला लागले की हातातला कप आधी खाली ठेवायचे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांत टूर्नामेंटच्या शुक्रवारी बाई वर्गात चाकांवरचा टीव्ही ढकलत आणायच्या, हे इथल्या चाळिशीच्या पुढच्या कोणालाही विचारा. माझ्या मुलीच्या वेळी चाकांचा टीव्ही जाऊन पडदा आला होता, पण बाईंनी आवाज बंद ठेवून सामना लावला होता आणि गणिताच्या तासाला फ्री थ्रोची टक्केवारी काढून घेतली.

पाच दिवस कसे काढायचे

प्रत्यक्ष जायचं असेल तर तिकीट दिवसाचं नसतं, सत्राचं असतं, हे आधी समजून घ्या. बुधवार-गुरुवारी दुपारच्या सत्रात दोन सामने, मग सगळं स्टेडियम रिकामं करतात, आणि संध्याकाळच्या सत्राला वेगळं तिकीट. २०१९ साली शार्लटला आम्ही दुपारची तिकिटं घेऊन दिवसभराच्या तयारीने गेलो आणि साडेचारला मुलांना घेऊन रस्त्यावर उभे होतो. शुक्रवारची तिकिटं हवी असतील तर गुरुवारी रात्री बघा. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघांचे लोक गावी परततात आणि त्यांच्या जागा विकायला येतात.

घरून बघणार असाल तर मंगळवार सोडू नका. लोक म्हणतात तळातल्यांचे सामने काय बघायचे. २०२४ साली मंगळवारी वॉशिंग्टनला दहाव्या क्रमांकाचा संघ उतरला, तो आमचा एन. सी. स्टेट होता. साखळीतले शेवटचे चारही सामने हरलेला. माझ्या वहीत कित्येक रविवार त्यांच्यापुढे 'मंगळ' लिहिलं होतं. मंगळवारी लुईव्हिलला हरवलं, बुधवारी सिरॅक्यूजला, गुरुवारी ड्यूकला. शुक्रवारी रात्री व्हर्जिनिया.

तेव्हा सांगलीत शनिवार सकाळचे सात-साडेसात वाजले होते. आबांना मी व्हिडिओ कॉलवर घेतलं, फोन डब्याला टेकवून टीव्हीसमोर ठेवला. आबांनी तिकडे त्यांची ताटली घेतली होती, फक्त या वेळी शेंगदाणे आपल्याच फाउलचे मोजत होते, कारण आपण मागे होतो आणि मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवणं भाग होतं. पाचेक सेकंद उरली, व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, आपला फाउल. व्हर्जिनियाचा आयझॅक मॅकनीली रेषेवर आला. आबा म्हणाले, "दहा झाले नाहीत अजून. पहिला चुकला तर चेंडू सुटेल." पहिला चुकला. मायकल ओकॉनेल चेंडू घेऊन धावला आणि भोंगा वाजता वाजता तीन गुणांच्या रेघेबाहेरूनच फेकला. चेंडू फळ्यावर आपटून आत गेला. ५८-५८. जादा वेळेत स्टेटने ७३-६५ असा सामना घेतला. आबांच्या बाजूने फोन खाली पडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ मला सांगलीच्या घरातला पंखा दिसत होता.

शनिवारी कॅरोलायनाला ८४-७६. पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसी विजेता झालेला तो पहिला संघ, आणि स्टेटला हे विजेतेपद १९८७ नंतर मिळत होतं. पुढे ते राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. आणि लगेच पुढच्या वर्षी? ५ विजय, १५ पराभव, तिसऱ्या रेघेच्या खाली, 'घरी'. अठरा संघांच्या पहिल्याच मोसमात गतविजेता टूर्नामेंटला नव्हता. त्याच वर्षी ड्यूक १९-१ अशी साखळी संपवून गुरुवारी उतरलं. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू कूपर फ्लॅग पहिल्याच सामन्यात घोटा दुखावून बसला, तरी शनिवारी लुईव्हिलला ७३-६२ हरवून ते विजेते झाले. पायांत दोन दिवस शिल्लक असले की असा धक्काही पचतो.

वेळेचं एक महत्त्वाचं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे टूर्नामेंट आणि हा बदल जवळजवळ एकत्रच येतात. जानेवारीत भारत इथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतो, त्या रविवारनंतर साडेनऊ तास. संध्याकाळी सातचा सामना तिकडे आधी पहाटे साडेपाचला दिसायचा, तो आता साडेचारला. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते तासभर उशिरा उठतात.

शनिवारी रात्री वही मिटू नका. रविवारी संध्याकाळी राष्ट्रीय स्पर्धेचे संघ जाहीर होतात. २०२५ मध्ये ६८ जागांपैकी ३१ जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या होत्या आणि ३७ समितीने निवडलेल्या. त्या वर्षी एसीसीतून फक्त चार संघ गेले: ड्यूक, लुईव्हिल, क्लेम्सन आणि अगदी काठावर कॅरोलायना. समिती संघाचा विजय कुठे आणि कोणावर मिळाला याला वजन देते. देशाच्या क्रमवारीतल्या पहिल्या तीस संघांपैकी कोणाला आपल्या घरी हरवणं आणि पहिल्या पंच्याहत्तरांपैकी कोणाला त्याच्या घरी जाऊन हरवणं, हे एकाच पातळीचं धरतात. म्हणून वहीतल्या बाहेरच्या विजयांखाली मी वर्षभर दोन रेघा मारत असते. रविवारी त्या मोजल्या की कोणाचं नाव येईल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

माझ्याकडे अशा बऱ्याच वह्या साठल्या आहेत. २०२० च्या वहीत गुरुवार, १२ मार्चनंतरचं पान कोरं आहे. त्या दुपारी ग्रीन्सबरोत क्लेम्सन आणि फ्लोरिडा स्टेटचे खेळाडू सरावासाठी कोर्टवर आले होते, आणि साथीमुळे सगळी स्पर्धा तिथेच रद्द झाली. साखळीत पहिल्या आलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या हातात रिकाम्या स्टेडियममध्ये चषक दिला गेला. ते पान मी तसंच ठेवलंय.

या वर्षीची वही नोव्हेंबरच्या आधी आणून ठेवा. पेन दोन रंगांचे. शेंगदाणे भाजलेले, सालासकट आणि बिनमिठाचे घ्या. खारे घेतले तर बोटांचं मीठ पानाला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत शाई फुटते.